टिश्यू टेक्निशियनची नोकरी घेताय? पगाराचं बोलण्याआधी हे बघून ठेवा

बायोप्सीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा कुजू न देणारं द्रावण) येतो, तो प्रोसेस करायचा, मेणात बसवून ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर (बारीक काप काढायचं यंत्र) 3-4 मायक्रॉनचे काप काढायचे, एच अँड ई हा रोजचा स्टेन (रंग) देऊन स्लाइड पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर ठेवायची, हे सगळं आपण करतो आणि रिपोर्टवर सही डॉक्टरांची. त्यामुळे काम कुणाला दिसत नाही आणि पगाराचं बोलताना आपणही "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगून मोकळे होतो. गाडी तिथेच अडते.

आधी मशीनचा प्रश्न मिटवू, कारण सगळ्यांना भीती त्याचीच. प्रोसेसर, ऑटो स्टेनर, कव्हरस्लिपर (स्लाइडवर काच बसवणारं मशीन) येऊन जमाना झाला, तरी एम्बेडिंग (मेणात बसवणं) आणि कटिंग बहुतेक लॅबमध्ये अजून हातानेच चालतं. कातडीचा तुकडा उभा बसवायचा, अपेंडिक्सचा असा की गोल काप यावा, आतड्याचे बारीक कण सगळे एका पातळीत, ही नजर सरावाने येते. कॉम्प्युटरने स्लाइड वाचायच्या म्हटल्या तरी काप सपाट हवा, घडी पडली की तेवढा भाग स्कॅनरमध्ये धूसर येतो, म्हणजे उलट चांगल्या हाताची गरज वाढतेच. त्यात माणसं जास्त जगतात, वयाबरोबर कॅन्सर वाढतो आणि ब्रेस्टच्या एकाच ब्लॉकमधून ईआर, पीआर, हर-टू (उपचार ठरवायला लागणाऱ्या तपासण्या) असे वेगवेगळे काप मागितले जातात. काम काही आटत नाहीये.

आता पगार. नुसतं रूटीन एच अँड ई येणारे बरेच असतात, तेवढ्यावर आकडा फार हलत नाही. स्पेशल स्टेन (पीएएस, झेडएन, ट्रायक्रोम) शिका, मग इम्युनो, म्हणजे आयएचसी, अँटीबॉडी वापरून पेशीतलं ठराविक प्रोटीन दाखवणारा स्टेन. इथे फक्त मशीनचं बटण दाबू नका, कंट्रोल स्लाइड (स्टेन नीट झाला का ते तपासायची) का फेल गेली हे सांगता आलं पाहिजे, फिक्सेशन (फॉर्मॅलिनमध्ये मुरणं) कमी पडलं की अँटिजेन रिट्रीव्हल (स्टेनआधी प्रोटीन पुन्हा उघडं करणं) गंडलं. हे सांगू शकणारा माणूस लॅब सहजासहजी सोडत नाही. तिसरं म्हणजे फ्रोझन, तुकडा गोठवून लगेच काप काढायचे. पेशंट ऑपरेशन टेबलावर, सर्जन थांबलेला, क्रायोस्टॅट (थंड पेटीतला मायक्रोटोम) उणे 20 अंशांच्या आसपास आणि साधारण 20 मिनिटांत उत्तर द्यायचं. या कामाला ऑन-कॉल लागत असेल तर त्याचे पैसे वेगळे मागा, पगारात धरलंय म्हणाले तर किती धरलंय ते विचारा.

इंटरव्ह्यूमध्ये मी तरी पहिला प्रश्न हा विचारतो, रोज ब्लॉक किती आणि कापणारे हात किती. दोन ठिकाणी पगार सारखा पण एकीकडे ब्लॉक दुप्पट असतील तर ती नोकरी स्वस्तात गेली समजा. ग्रॉसिंगला (आलेला नमुना तपासून त्याचे तुकडे घेणं) मदत कोण करतं, एक्झॉस्ट चालू असतो का (वास आला की कळतंच), मायक्रोटोमचा हँडल मोटरवर आहे का हेही बघा, वर्षानुवर्षं हाताने फिरवून खांदा आणि अंगठा दुखायला लागतो आणि तो खर्च कुणी देत नाही.

कापून दाखवा म्हणाले तर घाबरू नका. मला एकदा मुद्दाम कोरडा, भुसभुशीत ब्लॉक दिला होता, रिबन (एकाला एक जोडलेले काप) काही केल्या येईना, नुसता चुरा. मग ट्रिम करून बर्फाच्या पाण्यावर पालथा ठेवला, ब्लेड सरकवून नवी धार घेतली आणि हळू फिरवलं तर तीन-चार सलग काप आले, वॉटर बाथच्या कोमट पाण्यावर छान पसरले. दुसरा ब्लॉक घ्यायच्या आधी टिश्यू पेपरने बाथच्या पाण्याचा वरचा थर पुसून घेतला, आधीच्या पेशंटचा कण पुढच्याच्या स्लाइडवर जाऊ नये म्हणून. समोरच्या सीनियरबाईंनी काप सोडून तेवढंच बघितलं.

आणि एक वही ठेवा. महिन्याला ब्लॉक किती, कोणते स्टेन, रीकट (पुन्हा काप मागणं) किती आले. इन्क्रिमेंटच्या वेळी "खूप काम करतो" म्हणण्यापेक्षा ती वही टेबलावर ठेवली की बोलणं पटकन आकड्यावर येतं.