क्षारपड रानात मिरचीच्या कडा करपत होत्या, मायकोरायझानं असं जमलं (माझा अनुभव)

आमचं रान वाळव्याकडं, कृष्णाकाठचं, उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेलं. मिरची लावली की 15-20 दिवसांत पानांच्या कडा करपायच्या, वाढ थांबायची, सकाळी बेडवर मिठासारखा पांढरा थर दिसायचा. पाणी वाढवलं, डीएपी वाढवलं, जिप्सम टाकलं (ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या जमिनीला लागतं; माझ्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, 8.1 आणि ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, 4.6, म्हणजे नुसती खारी). दोन हंगाम गेले, लय जीव जळला.

जमलं ते असं. मायकोरायझा म्हणजे मुळांत राहून झाडाला मदत करणारी बुरशी. ती रानात नुसती फेकून उपयोग नाही, जिवंत मुळाला भिडली पाहिजे, म्हणून ट्रे भरतानाच धुतलेल्या कोकोपीटमध्ये मिसळली, मग बी टोकलं. रोपांना स्फुरद (फॉस्फरस) अगदी कमी, कारण ते भरपूर मिळालं की मूळ बुरशीला जवळ करत नाही, आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी पूर्ण बंद. लावणीआधी पाणी निचरायचे चर मोकळे करून गोडं पाणी सोडलं, मीठ खाली धुतलं, वाफसा आल्यावर खड्ड्यात चमचाभर पावडर टाकून रोपाची मुळं त्यावरच टेकवली. रोप ड्रिपरच्या जवळच लावा, मीठ ओलीच्या कडेला साठतं.

बुरशीचे तंतू मुळाच्या पुढं जाऊन पाणी नि स्फुरद आणतात, झाडात सोडियमच्या मानानं पोटॅश जास्त राहतं. पण मीठ ती खात नाही, ते जमिनीतच असतं, त्यामुळं चर हवेतच.

यंदा 40 व्या दिवशी एक रोप उपसून बघितलं, बारीक पांढरी मुळं दाट, पानांच्या कडा हिरव्यागार. कोबी-फ्लॉवरवर मात्र खर्च करू नका, त्यांच्या मुळांत ही बुरशी राहत नाही.