दमट हवेचा हिशेब: दोन तापमानांपासून कूलिंग कॉइलपर्यंत

'आर्द्रता ६० टक्के' एवढ्यावरून हवेत पाणी किती आहे ते कळत नाही. ३५ °से. तापमानाच्या हवेत ६० टक्के म्हणजे दर किलो कोरड्या हवेमागे २१ ग्रॅमहून जास्त पाणी, १० °से.ला तेच ६० टक्के म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम. हवा थंड करणारी कॉइल निवडायची असो, हवा कोरडी करणारा ड्रायर बसवायचा असो की पाइपला इन्सुलेशन करायचे असो, आधी बाष्पदाब (हवेतल्या बाष्पाचा स्वतःचा दाब) काढावा, त्यावरून ग्रॅम आणि दवबिंदू (ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते ते) काढावा, टक्के शेवटी पाहावेत.

मोजमाप

ड्राय बल्ब (साध्या थर्मामीटरचे) आणि वेट बल्ब (ओली वात गुंडाळलेल्या थर्मामीटरचे) ही दोन तापमाने पुरतात, पण वेट बल्ब नीट मोजला तरच. वात स्वच्छ सुती असावी, डिस्टिल्ड पाण्याने भिजलेली असावी आणि तिच्यावरून सेकंदाला ३ ते ५ मीटर वेगाने हवा वाहावी. पारा खाली उतरून स्थिर झाला की लगेच वाचावे. उशीर केला तर वात सुकू लागते आणि आकडा पुन्हा वर चढतो. नळाच्या पाण्यातले क्षार वातीत साचतात, बाष्पीभवन मंदावते, वेट बल्ब जास्त दाखवतो आणि हवा आहे त्यापेक्षा दमट वाटते. वारा कमी पडला किंवा जवळच्या गरम यंत्राची उष्णता थेट पोचली तरी चूक याच दिशेने होते. ३५ °से.च्या आसपास वेट बल्बमध्ये १ अंश चुकला की सापेक्ष आर्द्रतेत, म्हणजे सुरुवातीच्या त्या टक्क्यांत, सुमारे ५ टक्क्यांचा फरक पडतो, म्हणून इथला आळस महागात पडतो.

इलेक्ट्रॉनिक सेन्सर वापरत असाल तर तो अधूनमधून मिठाच्या संपृक्त द्रावणावर तपासावा. बंद डबीत मीठ पुरते न विरघळता ओले राहील इतकेच पाणी घालावे आणि सेन्सर द्रावणाला न टेकवता वर ठेवावा. काही तासांनी, तापमान स्थिर असताना, २५ °से.ला ७५ टक्के दिसायला हवेत.

बाष्पदाब आणि त्यापुढचे

संपृक्त बाष्पदाबाचे (त्या तापमानाला बाष्पाचा जास्तीत जास्त दाब) काही आकडे हाताशी ठेवावेत, किलोपास्कलमध्ये: १० °से.ला १.२२८, १३ ला १.४९८, २४ ला २.९८५, २५ ला ३.१६९, २६ ला ३.३६३, २८ ला ३.७८२, ३५ ला ५.६२८. 'गरम हवा जास्त पाणी धरते' असे सर्रास म्हटले जाते, पण ही मर्यादा हवा ठरवत नाही. ती पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. हवा नसलेल्या बंद भांड्यातही बाष्पदाब जवळपास तेवढाच भरतो.

ड्राय बल्ब ३५ °से., वेट बल्ब २८ °से. आणि वातावरणाचा दाब १०१.३ किलोपास्कल असे धरू.

बाष्पदाब = वेट बल्बचा संपृक्त दाब − ०.०००६६२ × वातावरणाचा दाब × (ड्राय बल्ब − वेट बल्ब)
= ३.७८२ − ०.०००६६२ × १०१.३ × ७ = ३.३१ किलोपास्कल

आर्द्रता गुणोत्तर = ०.६२२ × बाष्पदाब ÷ (वातावरणाचा दाब − बाष्पदाब)
= ०.६२२ × ३.३१ ÷ ९८.० = ०.०२१, म्हणजे किलोमागे २१ ग्रॅम

०.६२२ हा पाणी आणि कोरडी हवा यांच्या रेणुभारांचा भागाकार आहे (१८.०२ ÷ २८.९६). दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला संपृक्त दाब ३.३१ होतो ते तापमान. वरचे आकडे पाहिले तर ते २५ आणि २६ च्या मध्ये, सुमारे २५.७ °से. येते. सापेक्ष आर्द्रता ३.३१ ÷ ५.६२८, म्हणजे ५९ टक्के.

एन्थाल्पी, म्हणजे हवेतली एकूण उष्णता (किलोज्यूल, दर किलो कोरड्या हवेमागे) = १.००६ × तापमान + आर्द्रता गुणोत्तर × (२५०१ + १.८६ × तापमान). आपल्या हवेसाठी ती ८९ येते. त्यातले सुमारे ५४ किलोज्यूल एकट्या बाष्पाचे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

सायक्रोमेट्रिक चार्ट (हेच सगळे आकडे एका आलेखावर दाखवणारा) सहसा समुद्रसपाटीच्या दाबासाठी छापलेला असतो. सुमारे १५०० मीटर उंचीवर दाब ८४.५ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि तिथे याच दोन तापमानांना २१ ऐवजी २६ ग्रॅम येतात. अशा ठिकाणी सूत्रात खरा दाब घालावा किंवा त्या उंचीचा चार्ट वापरावा.

कॉइलवर काय होते

हीच हवा ताशी १००० घनमीटर आत घेऊन १३ °से.पर्यंत थंड करायची आहे. तिचे विशिष्ट आकारमान किलोमागे ०.९०२ घनमीटर, म्हणजे ताशी सुमारे ११०८ किलो कोरडी हवा. १३ °से.ला संपृक्त हवेत ९.३ ग्रॅम बाष्प उरते आणि एन्थाल्पी ३६.६ होते. किलोमागे ११.७ ग्रॅम, म्हणजे ताशी जवळपास १३ लिटर पाणी ड्रेन पॅनमध्ये येणार. एकूण भार सुमारे १६ किलोवॅट. त्यातले तापमान उतरवायला ७ किलोवॅटच लागतात; उरलेले ९ पाणी काढण्यात जातात. नुसत्या तापमानाच्या फरकावर कॉइल निवडली तर ती निम्म्याहूनही लहान पडते. खोली थंड वाटते पण ओलसर राहते, आणि लोक थर्मोस्टॅट आणखी खाली नेत बसतात.

१३ °से.ची ही हवा २४ °से.पर्यंत तापली तर बाष्पदाब १.४९८ च राहतो आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के होते. खोलीला ५० टक्के हवे असताना कॉइलवरची हवा एवढी खाली न्यावी लागते ती यासाठीच. खोलीत माणसांचे वा प्रक्रियेचे बाष्प मिसळत असेल तर आणखी खाली.

बाकीच्या प्रक्रिया चार्टवर सोप्या आहेत: नुसते तापवणे ही आडवी रेघ, वाफ सोडणे ही जवळजवळ उभी, पाण्याच्या फवाऱ्याने थंड करणे वेट बल्बच्या रेघेवरून. फवाऱ्याची हवा कितीही केले तरी २८ च्या खाली येणार नाही. ८० टक्के कार्यक्षमतेच्या ओल्या पॅडवर ती २९.४ °से.ला थांबेल.

घाम आणि दाबाखालची हवा

थंड पाण्याच्या पाइपला घाम सुटतो तो इन्सुलेशनच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूखाली गेल्यावर. ३० °से. आणि ७० टक्के हवेचा दवबिंदू सुमारे २४ °से. आहे, पृष्ठभाग त्याच्या वर राहील इतकी जाडी हवी. बाष्परोधक थर बाहेरून, सांधे पक्के बंद करून लावावा. एक फट राहिली तरी बाष्प आत शिरून पाइपवर निथळते, ओले इन्सुलेशन निकामी होते आणि पाइप आतल्या आत गंजतो.

कॉम्प्रेसरमध्ये हवेसोबत बाष्पदाबही वाढतो. आपली २१ ग्रॅमची हवा ७ बार गेज दाबाला (वातावरणाच्या दाबाच्या वर मोजलेला दाब) नेऊन पुन्हा ३५ °से.ला थंड केली तर किलोमागे फक्त ४.४ ग्रॅम बाष्प टिकते. बाकीचे साडेसोळा ग्रॅम आफ्टरकूलर (कॉम्प्रेसरमधून आलेली हवा थंड करणारा भाग) आणि टाकीत पाणी होऊन पडते. त्यामुळे टाकीचा ऑटो ड्रेन तुंबला की पाणी थेट लाइनमध्ये जाते. रेफ्रिजरेटेड ड्रायरचा ३ °से. दवबिंदू दाबाखालचा असतो; ७ बारवरून तीच हवा वातावरणात सोडली तर तो सुमारे उणे २१ °से. होतो. ड्रायर मागवताना दवबिंदूशेजारी दाब लिहावा, नाहीतर पुरवठादार एक आकडा समजून देतो आणि यंत्राला दुसराच हवा असतो.