एनव्हीडीए शिकवण्याआधी: आवाज गेला तर?

गेल्या वर्षी दोन महिने माझ्या अंध विद्यार्थ्यांना एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा संगणकाचा प्रोग्राम, शिकवला आणि एकच गोष्ट शिकवायची राहिली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एक मुलगी ग्रंथालयात मुक्या संगणकासमोर पाऊण तास बसून होती. आवाज परत कसा आणायचा हे तिला ठाऊकच नव्हतं, कारण रोज तासाआधी सगळ्या संगणकांवर एनव्हीडीए मीच सुरू करून ठेवायचो.

म्हणून पहिल्या दिवशी, बाकी सगळ्याच्या आधी, कंट्रोल-ऑल्ट-एन. ही तीन बटणं एकत्र दाबली की एनव्हीडीए सुरू होतं. एनव्हीडीए इन्स्टॉल करताना डेस्कटॉप आयकॉन आणि शॉर्टकटच्या चौकोनात टिक हवी, नाहीतर ही तीन बटणं दाबून काही होत नाही. प्रत्येक संगणकावर स्वतः दाबून बघा.

हेडफोन प्रत्येकाला वेगळा. एफ आणि जेवरचे उंचवटे बोटांना सापडायला हवेत. एनव्हीडीएला हुकूम देताना दुसऱ्या बटणासोबत जे दाबून धरायचं ते एनव्हीडीएचं बटण, एरवी इन्सर्ट. लॅपटॉपवर कॅप्सलॉकला ते बटण करा. इन्सर्ट दर मॉडेलवर वेगळ्याच कोपऱ्यात असतं. इन्सर्ट-१ (लॅपटॉपवर कॅप्सलॉक-१) दाबलं की पुढे दाबाल त्या बटणाचं फक्त नाव आणि काम ऐकू येतं, बिघडत काही नाही. यावर अख्खा तास घालवा, मुलांची भीती इथेच जाते. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीकचा मराठी आवाज यांत्रिक आहे, कान सरावायला वेळ द्या. वेग मुलांनाच वाढवू दे.

वाचायला द्याल ते युनिकोडमध्येच हवं. श्रीलिपी किंवा कृतीदेव या जुन्या फॉन्टमधल्या नोट्स डोळ्यांना मराठी दिसतात, पण एनव्हीडीए भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं वाचत सुटतं, आणि मुलांना वाटतं आपलंच चुकलं. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो. शिक्षकांकडून वर्डची फाइल मागून घ्या, भीड धरू नका.

आणि पुन्हा: कंट्रोल-ऑल्ट-एन. रोज तास सुरू होताना संगणक मुकाच हवा. तुम्ही हात लावायचा नाही, शेजारच्यानेही नाही. कुणाकडून चुकून इन्सर्ट-एस दाबलं जातं, मग एनव्हीडीए चालू असतं पण बोलत नाही. तेव्हाही हीच तीन बटणं. ते नव्याने सुरू होतं आणि बोलू लागतं. बोटांना न विचारता जमेपर्यंत रोज करून घ्या.

पुढचं नेहमीचंच. बाण, टॅब, एचने मथळे, कंट्रोलने गप्प करणं, फाइल सेव्ह करणं. सुगम्य पुस्तकालय या अंधांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयाचा अर्ज मुलांनीच भरायचा.

शेवटी प्रत्येकाने एकट्याने ग्रंथालयात जाऊन, बंद संगणक सुरू करून, दोन पानं वाचून यायचं. निघताना दारात विचारा, आवाज गेला तर काय दाबशील?