सागरगोट्यांनी खेळायचा योरुबा लोकांचा ‘आयो’: कसा खेळायचा?

आपल्याकडे मुली जे सागरगोटे उडवून झेलतात ना, त्याच करड्या गुळगुळीत बिया नायजेरियाच्या नैऋत्येला, इबादान, ओयो, अबेओकुटा अशा योरुबा मुलखात आयो खेळायला वापरतात. झाडाखाली दोघं खेळायला बसतात आणि भोवती बघ्यांचा घोळका, जो चालीही सुचवतो आणि हरणाऱ्याला मनसोक्त चिडवतोही. फासा नाही, नशीब नाही, सगळा खेळ मोजणीचा, म्हणूनच मला तो फार आवडतो.

पट म्हणजे लाकडात कोरलेल्या ६-६ खळग्यांच्या दोन रांगा. घरी ३० अंड्यांच्या ट्रेमधून ६ च्या दोन रांगा कापून घ्या, काम झालं. प्रत्येक खळग्यात ४ प्रमाणे ४८ बिया लागतात, सागरगोटे नसतील तर चिंचोके घ्या. आपल्या बाजूची रांग आपली.

आता चाल. आपल्या कुठल्याही एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या खळग्यापासून एकेक टाकत जायचं, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, आपली रांग संपली की समोरच्याच्या रांगेत शिरायचं. शेवटची बी त्याच्या खळग्यात पडली आणि तिथे बरोबर २ किंवा ३ झाल्या की त्या तुमच्या. मग लगेच त्याच्या मागचा खळगा बघा, तिथेही २ किंवा ३ असतील तर त्याही उचला, असं मागे मागे जात राहा, साखळी तुटली किंवा त्याची रांग संपली की थांबा.

समोरच्याची रांग रिकामी झाली असेल तर त्याला बिया मिळतील अशी चाल खेळावीच लागते. तशी चाल नसेल तर डाव संपला, उरलेल्या बिया ज्याच्या रांगेत त्याच्या. २५ मिळाल्या की जिंकलात. (गावोगावी नियम थोडे बदलतात, त्यामुळे बसण्याआधी ठरवून घ्या.)

खरी मजा आहे ‘ओडू’मध्ये, म्हणजे एकाच खळग्यात १२ किंवा जास्त बिया साठवणं. समजा तुमच्या उजवीकडच्या शेवटच्या खळग्यात १५ जमल्यात आणि समोरच्याचे पहिले चार खळगे रिकामे आहेत. १५ टाकायला घेतल्या की ११ मध्ये एक पूर्ण फेरी होते, जिथून उचलल्या तो खळगा वगळायचा, उरलेल्या ४ परत त्याच चार खळग्यांत पडतात, प्रत्येकात २-२, आणि एका झटक्यात ८ बिया हातात! त्या खळग्यांत आधी १-१ असती तर १२. फक्त साठवता साठवता बाकीच्या खळग्यांत २-४ बिया राहू द्या, नाहीतर दुसरी चालच उरत नाही आणि ओडू वेळेआधी फोडावा लागतो.