पर्ल नदीचा त्रिभुज प्रदेश पाहायचाय? मग हूमेनला उतरा

दक्षिण चीनमधला हा कारखान्यांचा पट्टा. इथे शेन्झेनला पोचलं की बहुतेक जण थेट काचेचे टॉवर बघायला धावतात. माझं ऐका, तसं करू नका. सुटे भाग घेण्याच्या निमित्ताने मी या पट्ट्यात बरीच फिरते, आणि माझं ठाम मत आहे की हा प्रदेश वर कसा आला हे गावांतून कळतं, टॉवरमधून नाही.

ग्वांगझौ साऊथ स्टेशनहून शेन्झेनची हायस्पीड गाडी पकडा, पण हूमेनला थांबणारी बघून. सगळ्या थांबत नाहीत. पासपोर्ट हाताशी ठेवा, तिकीट त्याच्यावरच निघतं. हूमेन म्हणजे 1839 मध्ये लिन झेश्यूने इंग्रजांची अफू नष्ट केली ते ठिकाण. त्याच गावात 1978 मध्ये ताइपिंग हँडबॅग कारखाना सुरू झाला. कापड, नमुना, यंत्रं हाँगकाँगच्या व्यापाऱ्याची. जागा आणि शिवणारे हात गावचे. गावाला मिळायची ती शिलाईची मजुरी. पुढे, हूमेन ज्या शहरात येतं त्या डोंगग्वानभर हीच पद्धत पसरली. गावच्या समितीने शेड बांधायची, हाँगकाँग-तैवानच्या मालकाला भाड्याने द्यायची आणि भाड्याचे पैसे गावकऱ्यांत वाटायचे. हे भाडं लक्षात ठेवा, म्हणजे डोंगग्वानला ठळक असं एक केंद्र का नाही ते उमगेल. दालांगला स्वेटर, होउजिएला बूट आणि फर्निचर, चांगआनला साचे आणि मोबाइल. प्रत्येक गावाने आपापला धंदा धरला.

त्यानंतर शेन्झेन, आणि तिथेही आधी शेकोऊ. चायना मर्चंट्स या सरकारी कंपनीच्या युआन गेंग यांच्या पुढाकाराने 1979 मध्ये इथे औद्योगिक वसाहतीचं काम सुरू झालं. शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा त्यानंतर, 1980 मध्ये मिळाला. ‘वेळ म्हणजे पैसा, कार्यक्षमता म्हणजे जीवन’ हा त्यांचा फलक आजही शेकोऊत उभा आहे. आज गुळगुळीत वाटणारं हे वाक्य त्या काळच्या चीनमध्ये वादाचा विषय झालं होतं.

ह्वाचियांगबेइ या शेन्झेनच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराला मात्र अख्खा दिवस द्या. वरचे चकचकीत मजले सोडा, सुट्या भागांच्या मजल्यावर जा. जेमतेम हात पसरता येतील एवढा काउंटर, काचेखाली कपॅसिटरची रिळं, मागे कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली बाई, शेजारी जेवणाचा डबा आणि बाजूला खोक्यांवर चिकटपट्टी ओढल्याचा कर्कश आवाज. एखादा भाग दाखवा आणि हजार नग हवेत म्हणा. ती फोन उचलते, आणि पुष्कळदा थोड्याच वेळात कुणीतरी पिशवी घेऊन हजर होतं. नवं यंत्र बनवणाऱ्यासाठी हा वेग स्वस्त मजुरीपेक्षा मोलाचा आहे. मजुरी वाढल्यावरही धंदा इथून का हलला नाही, याचं मोठं कारण हेच, असं मला वाटतं.

संध्याकाळी शेन्झेनच्याच फूतियान भागातल्या श्वेइवेइसारख्या एखाद्या ‘शहरातल्या गावात’ चक्कर मारा. शहर वाढत गेलं, शेती गेली, पण घरांची जागा गावकऱ्यांकडे राहिली. त्यांनी त्यावर मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या. हुनान, सिचुआनहून आलेल्या कामगारांना शहरात परवडणारं छप्पर मिळालं ते अशा गावांतच. त्यांची हुकोऊ, म्हणजे कुटुंबाची सरकारी नोंद, मात्र मूळ गावीच राहिली, आणि सरकारी शाळा त्या नोंदीशी बांधलेली. त्यामुळे असंख्य मुलं आजी-आजोबांपाशी वाढली. या भरभराटीची किंमत कुणी मोजली, हे पाहिल्याशिवाय परतू नका.

वेळ उरला तर नदीचा पश्चिम काठ गाठा. जून 2024 मध्ये 24 किलोमीटरचा शेन्झेन-झोंगशान मार्ग खुला झाल्यापासून वळसा वाचतो आणि अर्ध्या तासात पलीकडे पोचता येतं. तिकडचा इतिहास वेगळा आहे. शुंदेमधली मिदेआ ही घरगुती उपकरणांची कंपनी हाँगकाँगच्या ऑर्डरीचं अपत्य नव्हे: 1968 मध्ये ‘हे श्यांगजियान’ नावाच्या गृहस्थांनी आणि गावच्या मंडळींनी पैसे जमवून बाटल्यांची झाकणं करायला घेतली, आणि पुढे त्यातून पंखे, एसी आले. झोंगशानच्या गूझेनला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिव्यांचीच दुकानं आहेत.

खरेदीही करायची असेल तर एप्रिल किंवा ऑक्टोबरात या, ग्वांगझौच्या पाझोउ भागात कँटन फेअर भरलेली असते. ही व्यापारी जत्रा 1957 पासून चालू आहे. ती तीन टप्प्यांत भरते, तुमचा माल कुठल्या टप्प्यात आहे ते बघूनच विमानाचं तिकीट काढा. चिनी नववर्षाच्या आसपास मात्र येऊ नका. कामगार गावी जातात, कारखाने बंद असतात, आणि नंतरही सगळे हात परत येईपर्यंत कुणी तुम्हाला डिलिव्हरीची तारीख छातीठोकपणे सांगणार नाही.