रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब: मोसम सुरू व्हायच्या आधी

ओहायोतला बर्फ वितळला की मैदानी रेंज जाग्या होतात, आणि गॅरेजमधल्या पुंगळ्यांच्या, म्हणजे उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी कवचांच्या, डब्यांची आठवण येते. सर्व्हिस रायफलने, म्हणजे लष्करी धाटणीच्या रायफलने, २००, ३०० आणि ६०० यार्डांवर नेम मारणाऱ्या, आणि काडतुसं घरीच पुन्हा भरणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. गेल्या मोसमात माझ्या दोन डब्यांची झाकणं अदलाबदल झाली. कोणत्या पुंगळ्या किती वेळा उडाल्या याच्या नोंदी सगळ्या झाकणांवर होत्या. म्हणून बाकी काही वाचायच्या आधी एवढं डोक्यात घाला: नोंद झाकणावर लिहायची नाही.

दुसरं काही मांडायच्या आधी व्हिसा बघा. आपल्यातले बरेच जण एच-वन-बीवर असतात. अशा बिगर-स्थलांतरित व्हिसाधारकांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने शस्त्र किंवा दारूगोळा बाळगता येत नाही, शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडून. आणि त्या कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नाही. रिकामी पुंगळी, प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), बुलेट (पुढे उडणारी गोळी), पावडर (आतली दारू), प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे त्यात मोडते. तेव्हा मित्राच्या पुंगळ्या ‘आठवडाभर असू दे माझ्याकडे’ म्हणून ठेवून घेऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही, राज्याचे नियम मात्र बघा. दुसरं, रेंजची बॅग भारतात न्यायची नाही. रिकामी करून नाही, धुऊन नाही, ‘किती छान कप्पे आहेत’ म्हणूनही नाही. शिवणीत एखादी पुंगळी अडकलेली असतेच, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याचे भागसुद्धा येतात. मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेसमोर उभं राहून छंद समजावून सांगायची वेळ कशाला आणायची?

आता वर्गवारी. कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, वेगळं करा हे सांगायला नको, पण एक जोडी डोळ्यांत तेल घालून बघा: .२२३ आणि .३०० ब्लॅकआउट. दुसरी पुंगळी पहिलीच कापून बनवता येते, त्यामुळे बुडावरचा शिक्का कधीकधी .२२३ चाच असतो. .३०० चं भरलेलं काडतूस .२२३ च्या चेंबरात, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेत, शिरून उडालं, तर रायफल फुटते. तुमच्याकडे दोन्ही असतील तर ती एका टेबलावर एकाच दिवशी काढू नका. माझ्याकडे .३०० नाही, आणि हे त्यामागचं अर्धं कारण आहे.

मग बुडावरचे शिक्के वाचा. वर्तुळात अधिकचं चिन्ह, शेजारी ‘एलसी’ आणि दोन आकडे असले तर ती मिसुरीतल्या इंडिपेंडन्स गावच्या, १९४१ पासूनच्या लेक सिटी कारखान्याची लष्करी पुंगळी, आणि ते आकडे म्हणजे साल. पितळ उत्तम, पण प्रायमरभोवती कडा दाबलेली असते. ती कडा मोडून खळगा मोकळा केल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही. किती पुंगळ्यांची कडा काढून झाली हे चिठ्ठीवर लिहा, नाहीतर त्याच पुंगळ्या पुन्हा तपासत बसाल. वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्यांचं आतलं आकारमान सारखं नसतं, म्हणून पावडर तेवढीच घातली तरी दाब बदलतो. १०० यार्डांवर ते जाणवत नाही. ६०० वर जाणवतं. आत डोकावल्यावर मध्यभागी एका भोकाऐवजी दोन बारीक भोकं दिसली, तर ती बर्डन पद्धतीची. बाजूला टाका, नाहीतर डायमधली (पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्यातली) जुना प्रायमर ढकलून काढणारी पिन मोडेल.

आता तुकड्या पाडा, म्हणजे या यादीचा गाभा. पूर्ण सामन्यात मोजणीच्या ८० गोळ्या, आणि चारही टप्प्यांना दोन-दोन चाचणीच्या, मिळून ८८. मी शंभराची तुकडी करतो. एका तुकडीतल्या पुंगळ्या एकाच कारखान्याच्या, सारख्याच वेळा उडालेल्या, आणि पुढेही सगळ्या एकत्रच उडणाऱ्या. त्यातली एक हरवली तर दुसऱ्या तुकडीतून उसनी आणायची नाही. ६०० यार्डांची तुकडी पूर्ण वेगळी, कारण तिथल्या ८० ग्रेन वजनाच्या लांब बुलेटची काडतुसं मॅगझिनमध्ये मावतच नाहीत, एकेक हाताने चेंबरात द्यावी लागतात. रॅपिडच्या, म्हणजे ठरलेल्या वेळात भराभर मारायच्या, टप्प्यात चुकून ती हाती आली की बसलात.

प्रत्येक तुकडीला एक चिठ्ठी. जाड पुठ्ठ्याची, पेन्सिलने लिहिलेली, कारण तेलाच्या बोटांनी शाई पसरते. तिच्यावर तुकडीचं नाव, कारखाना आणि साल, किती वेळा उडाली त्याच्या उभ्या रेघा, शेवटचं ट्रिमिंग (वाढलेली लांबी कापणं), शेवटचं ॲनीलिंग (आच देऊन पितळ मऊ करणं). बस. ही चिठ्ठी डब्याच्या आत, पुंगळ्यांसोबत. झाकणावर नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली पण नाही, तीही झाकणावरच झाली. सारख्या बनावटीचे डबे घेतले की झाकणं कोणत्याही डब्यावर बसतात, आणि ती बसतातच. पुंगळ्या टम्बलरमध्ये (त्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात) गेल्या की चिठ्ठी टम्बलरवर चिमट्याने लावा. तिथून ट्रेमध्ये आल्या की चिठ्ठी ट्रेमध्ये. पितळ हललं की कागद हलला पाहिजे. संगणकावर तक्ता ठेवायचा तर जरूर ठेवा, मीही ठेवतो, पण डब्यात काय आहे ते तक्त्याला कळत नसतं.

साफसफाई. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. टम्बलर स्वयंपाकघरात नको, पोरं खेळतात त्या खोलीत तर नकोच, चाळणी घराबाहेर, नंतर हात साबणाने. ओलं धुवायचं तर पाण्यात चिमूटभर सायट्रिक ॲसिड पुरतं. आजी समई चिंचेने लख्ख करायची, तेच तत्त्व. पण समईसारखं रात्रभर भिजत ठेवू नका, पितळेतलं जस्त निघून ते गुलाबी पडतं. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र अजिबात नाही. याची किंमत आपल्याच भूमीवर मोजली गेली आहे: ब्रिटिश फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवून दारूगोळा घोड्यांच्या पागांमध्ये ठेवायच्या, आणि पाऊस सरल्यावर काडतुसं मानेपाशी, म्हणजे बुलेट धरणाऱ्या अरुंद टोकाशी, तडकलेली निघायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळ ओढताना त्यात राहिलेला ताण, दोन्ही मिळून हे होतं, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. चमक नेम सुधारत नाही. काजळी निघाली की पुरे.

तपासणी. मानेला चीर दिसली की ती पुंगळी बाद, यात विचार करण्यासारखं काही नाही. खरं भय बुडाच्या जरा वर असतं. पुंगळी उडाली की ताणली जाते, साइझिंग डाय तिला परत दाबते, आणि या ओढाताणीत तळाजवळची भिंत आतून पातळ होत जाते. बाहेरून तिथे चकचकीत कडं दिसतं. दिसेलच असं नाही, म्हणून कागदाची टाचणी सरळ करा, टोक काटकोनात वाकवा आणि आतल्या भिंतीवरून वर ओढत न्या. खाच लागली की पुंगळी गेली. एकीत लागली तर सगळी तुकडी तपासा. तुकडी म्हणजे काय, हे चिठ्ठीवरून कळतं, म्हणून तर एवढी बोंब. माझी झाकणं बदलली तेव्हा एकदाच उडालेल्या समजून मी म्हाताऱ्या पुंगळ्या भरल्या. ३०० यार्डांच्या रॅपिडला ७० सेकंदांत दहा गोळ्या मारायच्या असतात. चौथ्या गोळीला पुंगळी दोन तुकडे झाली, बूड बाहेर आलं, पुढचा भाग चेंबरातच राहिला आणि मागचं काडतूस त्यात जाऊन रुतलं. डोळ्यांवर चष्मा होता. इजा नाही, पण टप्पा गेला, आणि घरी आल्यावर दोन्ही डब्यांतलं पितळ भंगारात, कारण कोणतं कुठलं हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. तुटकी पुंगळी चेंबरातून काढायचं छोटं अवजार मिळतं, ते बॅगेत टाका.

साइझिंग: सेमी-ऑटोसाठी खांदा (मानेखालचा उतार) उडालेल्या मापापेक्षा तीन-चार हजारांश इंच मागे, त्याहून जास्त दाबलात तर तपासणीत सांगितलेलं चकचकीत कडं लवकर येईल. गेजने मोजा, अंदाजाने नको. लांबी: .२२३ ची कमाल १.७६० इंच, ट्रिम करून १.७५०. ॲनीलिंग: फक्त मान आणि खांदा, बुडाला आच लागता कामा नये. मऊ पडलेलं बूड दाब सोसत नाही. काहीजण दर वेळी करतात, मी दर तिसऱ्या वेळी, यावरून भांडायला मला वेळ नाही. केलं की चिठ्ठीवर लिहा.

रेंजवर जायच्या आदल्या रात्री प्रत्येक पुंगळीच्या बुडावर मार्करने रंगीत रेघ, तुकडीगणिक रंग वेगळा. सेमी-ऑटो रायफल पुंगळ्या उजवीकडे लांब फेकते, आणि शेजारच्याचं पितळही लेक सिटीचंच निघतं. गवतातून गोळा करताना रंग नसेल तर ती तुमची नाही, उचलू नका, फुकटची तर मुळीच नको. पिशव्या दोन न्या: एक नेहमीची, एक ६०० ची. चिठ्ठी पिशवीत. झाकणं? झाकणं गाडीत राहू देत, रेंजवर काढूच नका. डबा उघडला तेव्हा किती होत्या, परत आल्या किती, रेघ तिथेच मारा. घरी जाऊन मारतो म्हणणारा मारत नाही.

बाकी थोडं. भरलेली काडतुसं आणि रिकामं पितळ एका फळीवर नको. एका वेळी टेबलावर एकच पावडर. चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा. मोसम संपला की ज्यांच्या रेघा तुमच्या मर्यादेवर पोचल्या त्या बाद करा, आणि बाद पुंगळीचं तोंड पक्कडीने चेपा, नाहीतर तीच परत डब्यात येते. भंगारवाल्याकडे न्यायच्या आधी न उडालेला प्रायमर कशात राहिला नाही ना, ते एकदा बघा.