मराठी ॲप आणि ई-बुकमध्ये वाचक अडतो, या चुका टाळा

'पुढे' या बटणाचा उकार खालून कापला गेला की 'पढे' उरतं. वरची मात्राही गेली तर नुसतं 'पढ'. बटणाची उंची इंग्रजी शब्दावर बेतून पक्की बांधलेली असते, ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट. रोमन लिपीला तेवढं पुरतं. देवनागरीत मात्रा, रफार, अनुस्वार शिरोरेषेच्या वर चढतात आणि उकार, जोडाक्षरं खाली उतरतात. मजकुराला १.६ ते १.८ पट ओळ द्या. बटणाला पक्की नव्हे, किमान उंची द्या: अँड्रॉइडवर ४८ डीपी, आयफोनवर ४४ पॉइंट (दोन्ही पडद्यावरच्या मापाची एककं). अँड्रॉइडवर 'इन्क्लूड फॉन्ट पॅडिंग' (अक्षरांच्या वर-खाली जादा जागा सोडणारी सोय) बंद केलेलं असेल तर आधी ते चालू करून बघा. तपासायला 'स्फूर्ती', 'कर्तृत्व', 'किंमतींत', 'राष्ट्रीय' असे शब्द घ्या आणि फोनवरचा अक्षरांचा आकार सर्वांत मोठा ठेवून पुन्हा बघा.

शीर्षकात लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका, शिरोरेषा तुटते. उठाव हवा असेल तर ठसा जाड करा.

शोधलं तर सापडत नाही

सर्वांत जास्त दुर्लक्ष इथे होतं. 'ॲप'मधला ॲ दोन तऱ्हांनी टंकला जातो: युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं जागतिक मानक) २००८ साली आलेलं सलग अक्षर (क्रमांक ०९७२), किंवा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन शब्द. 'दुसऱ्या'चंही तसंच. कुणी ऱ (०९३१) आणि हलन्त वापरतं, कुणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह (२००डी). एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारी युनिकोडची पद्धत) केलं की काम झालं असं समजू नका, या दोन्ही जोड्या त्यात एक होत नाहीत. शोधासाठीची अनुक्रमणिका बनवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्हीकडे तेच नियम लावा: अ + चंद्र म्हणजे ॲ, र + हलन्त + जोडचिन्ह म्हणजे ऱ + हलन्त. उरलेली जोडचिन्हं त्यानंतरच काढा. क्रम चुकला तर 'दऱ्या'चं 'दर्या' होतं आणि डोंगरदऱ्या शोधणाऱ्यासमोर समुद्र येतो. मूळ मजकुराला मात्र हात लावू नका.

फॉर्म नाव घेत नाही

'सुनीता' लिहिलं की 'फक्त अक्षरे वापरा' असा संदेश येतो. कारण तपासणीत युनिकोडचा फक्त 'लेटर' वर्ग घेतलेला असतो, तर काना, मात्रा, वेलांटी, उकार 'मार्क' वर्गात येतात. दोन्ही वर्ग घ्या, जोडचिन्हालाही वाव ठेवा. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंकांत मोबाइल नंबर टंकला तर जावास्क्रिप्टची नेहमीची अंक-तपासणी तो नाकारते. ०९६६ ते ०९६एफ हे दहा अंक आधी रोमन अंकांत बदला, मग तपासा. वापरणाऱ्याने बरोबर लिहिलेलं असताना त्याला चूक ठरवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मर्यादेचाही घोळ होतो. 'ज्ञानेश्वर' वाचताना चार अक्षरं, पण मॅक्सलेंग्थच्या (रकान्याची कमाल लांबी) मोजणीत १०, कारण तिथे काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजले जातात. त्यामुळे २० ची मर्यादा नाव-आडनावाला अनेकदा पुरत नाही. यादीत हेच नाव सातव्या जागी कापलं तर 'ज्ञानेश' हे दुसरंच नाव होतं, आठव्या जागी 'ज्ञानेश्…'. कापणी सेगमेंटरने (मजकूर वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांत तोडणारं साधन) करा, आणि तुकड्याच्या शेवटी हलन्त उरला तर आणखी एक तुकडा मागे या. जुन्या फोनवर सेगमेंटरही जोडाक्षर मधोमध तोडतो.

ई-बुकमध्ये

भाषेचा संकेत 'एमआर' (मराठी) हवा. तो 'एचआय' (हिंदी) राहिला तर ल आणि श हिंदी वळणाचे दिसू शकतात आणि मोठ्याने वाचणारा आवाज हिंदी उच्चार करू लागतो. फाइल हलकी करताना फॉन्टमधलं जीएसयूबी कोष्टक (अक्षरं जोडून जोडाक्षर बनवण्याचे नियम) उडालं, तर जोडाक्षरं सुटी होऊन हलन्तासकट दिसतात. फाइल बनवणाऱ्या संगणकावर तोच फॉन्ट आधीपासून बसवलेला असला तर हा दोष लपू शकतो. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या फोनवर पुस्तक उघडा आणि 'ज्ञ', 'क्ष', 'ऱ्ह', 'ष्ट्र' असलेलं एखादं पान बघा.